खांद्यातलं लोखंड

आमच्या देवघराच्या कोनाड्यात बोटभर लांबीचं एक गंजकं पातं आहे. दसऱ्याला कोयत्या-विळ्यांच्या शेजारी त्यालाही हळदकुंकू लागतं. लहानपणी त्याला हात लावायची बंदी होती, म्हणून त्याची गोष्ट सांग म्हणत आम्ही आज्ज्याच्या मागे लागायचो. पण आधी सांबराची गोष्ट ऐकल्याशिवाय आज्जा पात्याच्या गोष्टीवर यायचाच नाही.

ते सांबर आज्ज्याच्या आज्ज्याने तिरकमठ्याने मारलं होतं. शिमग्यातली पारध, पारगडाकडचं दाट रान. हाकाऱ्यांच्या आरोळ्यांनी सांबर कारवीतून उसळलं. नेम पुढच्या पायामागचा, बरगडीतला होता. बाण कारवीच्या काठीला घासला, वर उडाला आणि थेट मानेत शिरला. वीस पावलांत जनावर कोसळलं. गावाने आज्ज्याच्या आज्ज्याला खांद्यावर घेतलं, रवळनाथापुढे नारळ फुटला आणि पंचक्रोशीत नेमबाज म्हणून नाव झालं. तो मात्र विचारील त्याला एकच सांगायचा, "काठी आडवी आली म्हणून सांबर पडलं."

गावात फारशा बंदुका का नव्हत्या, हेही आज्जा त्याच ओघात सांगायचा. १८५७ साली कंपनी सरकारने दक्षिण महाराष्ट्रात हत्यारं गोळा करायला सुरुवात केली. मुधोळजवळच्या हलगलीच्या बेरडांनी ती द्यायला नकार दिला आणि त्यांचा उठाव चिरडला गेला. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यातल्या हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणसुद्धा होते. आज्ज्याच्या सांगण्याप्रमाणे आमच्या गावात परवान्याची ठासणीची बंदूक एकच होती. आमच्या घरचा कमठा माळ्यावर गवतात दडवलेला असायचा.

बाणाने जनावर पाडणं किती अवघड, हे मला फार उशिरा कळलं. गोळी हाडं मोडते, धक्का देते. बाण नुसता कापतो. रक्त वाहून गेल्यावरच जनावर पडतं, आणि तोवर ते दोन टेकड्या ओलांडून गेलेलं असतं. म्हणून आज्ज्याच्या बोलण्यात नेमापेक्षा माग काढण्याचंच जास्त असायचं. पानावरचं रक्त गुलाबी, फेसाळ असलं तर बाण फुप्फुसात गेलाय, जनावर जवळच सापडेल. काळपट असलं तर यकृतात, घाई करायची नाही. हिरवट असून शेणासारखा वास आला तर आतडं फाटलंय. तेव्हा लगेच पाठलाग केला तर जनावर मरत मरत लांब पळतं, तासन् तास थांबावं लागतं. गव्यावर मात्र बाण टाकायचाच नाही, असा घरात दंडक होता. हजार किलोपर्यंत भरणाऱ्या त्या देहात बांबूचा बाण जाऊन जाऊन किती जाणार, आणि त्या दुखण्याने ते जनावर किती दिवस तडफडणार!

आता पात्याची गोष्ट. कळपाबाहेर एकटा फिरणारा एक दांडगा नर डुक्कर भाताची नासधूस करत होता. तिन्हीसांजेला आज्ज्याच्या आज्ज्याचा बाण सुटला आणि जरा पुढे, खांद्यात बसला. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड, चिवट थर असतो. एकमेकांच्या सुळ्यांपासून त्याच थराने नर वाचतात. काडी मोडून पडली, पातं आत राहिलं आणि डुक्कर निसटला. दोन दिवस माग काढला. ओढ्याशी रक्त संपलं. ते दोन दिवस आज्ज्याचा आज्जा जेवला नाही, असं आज्जा सांगायचा.

दोन वर्षांनी दुसऱ्या पारधीत गावच्या बंदुकीने एक डुक्कर पडला. कातडी सोलताना खांद्यात लोखंड लागलं, भोवतीचं मांस भरून आलेलं. लोहाराने आपलं काम लगेच ओळखलं. मग सावज कुणाचं यावर वाद पेटला. किराताचा बाण की अर्जुनाचा, तोच जुना वाद. पंचांनी वाटा बंदूकवाल्याला दिला आणि पातं आमच्या घरी आलं. पंचांनी न्याय केला, असं मला मनापासून वाटतं. ज्या डुकराला आपण मेला समजून सोडलं, तो दोन पावसाळे रानात जगला होता. त्याच्यावर आमचा हक्क कसला?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं बंद केलं, आणि ते योग्यच झालं. पण आज आमच्या शिवारात गवे उसात शिरतात, हत्ती येतात, डुक्कर रताळी उकरतात, आणि कुणी कुंपणाला फासकी लावतो, कुणी गावठी बॉम्ब ठेवतो. जबडा फुटलेलं डुक्कर दिवसच्या दिवस उपाशी फिरतं. त्याचा माग काढायला कुणी जात नाही. माझ्या गाववाल्यांनो, नुकसान झालं तर पंचनामा करून घ्या, भरपाईसाठी भांडा, मीही तुमच्याबरोबर येईन. पण फासकी काढा.

आज्ज्याच्या त्या आज्ज्याने शेवटच्या आजारात मोजून सांगितलं होतं, की आपले सात बाण जनावरांच्या अंगात गेले आणि जनावरं सापडली नाहीत. त्यातला एक कोनाड्यात आहे. बाकी सहा रानातच राहिले.