जशी वाट, तशी फटफटी
दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) फटफटी ही हौसेची वस्तु उरली नाहीं. बिनतारी संदेश शत्रूच्या कानीं पडण्याचें भय. म्हणून लेखी हुकूम निरोप्याच्या हातीं जात आणि त्याचा जीव यंत्रावर अवलंबून राही.

ब्रिटिशांची ५०० सी.सी.ची बी.एस.ए. एम-२० जड व मंद, पण चिवट. नित्याच्या फेऱ्यांस ती पुरेशी होती. खाचखळग्यांतून वेगानें धांवणारे मॅचलेस जी-३-एल पसंत करीत. तिचे एकांत एक सरकणारे पुढचे दांडे हिसके गिळीत. वाळू-चिखलांत जर्मनांची बी.एम.डब्ल्यू. आर-७५ उपयोगी पडे. तिच्या साइडकारचेंही चाक इंजिनानें फिरे. छत्रीसैनिकांसाठीं १२५ सी.सी.ची ‘फ्लाइंग फ्ली’ पिंजऱ्यांत घालून विमानांतून उतरवीत. अडथळा आल्यास ती उचलून नेतां येई.

सर्व वाटांना पुरेल असें एकच यंत्र कोणासही साधलें नाहीं. वाट न ओळखतां वाहन निवडलें, तर निरोप आणि निरोप्या दोन्हीही गमावण्याची पाळी येई.