व्हाइट, विल्यम ॲलन

(१० फेब्रुवारी १८६८–२९ जानेवारी १९४४). अमेरिकन पत्रकार व संपादक. जन्म व मृत्यू कॅन्झस राज्यातील एम्पोरिया या लहान गावी. १८९५ मध्ये कर्ज काढून ३,००० डॉलरांत त्यांनी ‘एम्पोरिया गॅझेट’ हे वृत्तपत्र विकत घेतले आणि अखेरपर्यंत चालवले. १८९६ मधील त्यांचा जहाल, पॉप्युलिस्ट पक्षाविरोधी अग्रलेख रिपब्लिकन पक्षाने देशभर वाटला. पुढे मात्र थिओडोर रूझव्हेल्ट यांच्या सहवासात ते पुरोगामी विचारांकडे वळले.

१९२१ मध्ये सोळा वर्षांची मुलगी मेरी घोड्यावरून जाताना फांदी लागून दगावली. तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या लेखात रडारड नाही, त्या खेळकर मुलीचे जिवंत चित्र आहे. त्यांचे हेच लेखन सर्वांत हृद्य म्हणावे लागेल.

१९२२ च्या रेल्वे संपात संपकऱ्यांना पाठिंबा देणारे पत्रक त्यांनी कचेरीच्या खिडकीत लावले. राज्यपाल हेन्री ॲलन हे त्यांचे जुने मित्र. त्यांच्याच सरकारने व्हाइट यांना अटक केली. त्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिलेल्या अग्रलेखाला १९२३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेला विरोध करण्यासाठी ते राज्यपालपदाची निवडणूक अपक्ष लढले. हरले, पण क्लॅनविरुद्ध राज्यभर उघडपणे बोलले. त्यांच्या आत्मचरित्राला १९४७ मध्ये मरणोत्तर पुलित्झर मिळाले.