सर्व्हर ऑफिसात ठेवायचा? पतसंस्था, डेअरीवाल्यांनी आधी हे वाचा

पुणे : गावातली पतसंस्था असो की दूध संकलन केंद्र, सगळा हिशेब आता कॉम्प्युटरवर आलाय. हा हिशेब ज्या मशीनमध्ये साठतो आणि जिथून बाकीच्या कॉम्प्युटरला, मोबाईलला मिळतो, तो सर्व्हर. तो भाड्याने मिळतो, नाहीतर आपल्याच ऑफिसात ठेवता येतो. स्वतःचा असला की महिन्याचं भाडं वाचतं, माहितीही ताब्यात राहते. पण भरवसा किती?

मशीनपेक्षा जास्त दगा देते ती लाईट. पुणे शहरातही देखभालीसाठी गुरुवारी अनेक भागांत काही तास वीज बंद असते, गावाकडचं तर विचारूच नका. छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. तेवढ्यात सर्व्हर नीट बंद करायचा. दिवसभर चालवायचा तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर हवाच. ‘99 टक्के वेळ चालू’ ऐकायला छान वाटतं, पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. 99.9 टक्के धरले तरी पावणेनऊ तास.

जागा निवडताना पाणीही बघा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचं पाणी सोसायट्यांत शिरलं, जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडच्या एकता नगरीत मुठेचं. सर्व्हर तळघरात नको.

लाईट-पाणी सांभाळलं तरी राखण उरतेच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ला झाला. 11 तारखेला, शनिवारी, 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण सुमारे 94 कोटी. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर सुट्टीच्या दिवशी कुलूप लावून जाणाऱ्या पतसंस्थेच्या सर्व्हरकडे कोण बघणार?

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, जुनी कागदपत्रं जागेवरच्या सर्व्हरवर खुशाल ठेवावीत. ठेवीदारांच्या खात्यांसाठी मात्र पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर भाड्याचाच बरा.

तरीही जागेवरच ठेवायचं ठरलं, तर हिशेबाची कॉपी रोज दुसऱ्या इमारतीत गेली पाहिजे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. चुकून खोडलेली नोंद दोन्हीकडून जाते. कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली तर काम झाल्यावर ती काढून ठेवा, लावलेली राहिली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. आणि महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.