थोडक्या पैशांत एका दिवसाची मुंबई

भारतभेटीला जाणारी आपली मंडळी मुंबईत उतरली की बहुधा दिवसभराच्या भाड्याने मोटार घेतात. गेटवे, मरीन ड्राइव्ह, मलबार हिल आणि संध्याकाळी खरेदी, एवढ्यात दिवस सरतो. इस्राएलमध्ये जन्मलेली मुले हे सारे काचेतून पाहतात आणि विचारतात, ‘‘शहर छान आहे, पण इथे आपले काय होते?’’ प्रश्न रास्त आहे. आपले वाडवडील या शहरात शिपाई, सुतार, कारकून, शिक्षक म्हणून राहिले. त्यांचा इतिहास पाहायचा तर लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट आणि पायांत मजबूत चपला पुरेशा आहेत. शनिवार मात्र टाळावा, आणि राणीची बाग बुधवारी बंद असते हेही लक्षात ठेवावे.

सुरुवात भायखळ्यापासून करावी. राणीच्या बागेत (आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) तिकीट अगदी माफक आहे. मुंबई १९६५ पूर्वी पाहिलेल्या वाचकांना काळ्या घोड्यावर बसलेला एडवर्ड राजा आठवत असेल. आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला तो पुतळा १९६५ मध्ये फोर्टातून हलवला, तो इथे आहे. फोर्टातल्या जुन्या जागी २०१७ मध्ये नवा घोडा आला, पण त्याच्यावर स्वार नाही! जवळच डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभी बांधलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. उंच मनोरा, प्रशस्त आवार. मुलांचे डोळे दिपतील.

इथे मुलांना एक गोष्ट सांगावी. ससून घराणे बगदादी होते, आपण कोकणातले. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी स्मशानभूमीत आपल्यासाठी भिंत घालून वेगळी जागा मागितली होती. आपण पुरते यहुदी आहोत की नाही, हा संशय पुढे इस्राएलमध्येही विवाहाच्या बाबतीत आपल्यामागे आला. आपल्या लोकांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १९६४ मध्ये क्नेसेटने बेने-इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले. भायखळ्याचे हे देखणे सिनेगॉग अवश्य पाहावे, पण एवढेच पाहून परतू नये.

भायखळ्याहून गाडीत बसले की सँडहर्स्ट रोडनंतर मशीद स्टेशन येते. आपली जुनी माणसे सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, हे तरुण वाचकांना ठाऊक नसेल. स्टेशनाचे नाव आपल्या जुन्या मशिदीवरून पडले असे मानले जाते. ती मशीद म्हणजेच मांडवीतले शाअर हारहामीम, ‘दयेचे द्वार’. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल यहेझकेल दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मुंबईतले हे पहिले सिनेगॉग उभारले. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याबद्दल त्यांनी हा नवस फेडला, अशी आपली परंपरा आहे. बाहेर हातगाड्या आणि हमालांची आरोळी, आत लाकडी बाके आणि टांगलेले दिवे. भायखळ्याच्या मानाने इमारत लहान. पण ती कोण्या धनाढ्य व्यापाऱ्याची नव्हे, एका सैनिकाची आहे.

या भागाला इस्राएल मोहल्ला म्हणत. आज आपली बहुतेक वस्ती ठाणे आणि उपनगरांकडे गेली आहे, त्यामुळे इथे दहा पुरुषांचा मिन्यान जमणे सोपे नसते. म्हणून भेटीची वेळ शक्यतो प्रार्थनेची निवडावी. आपल्या घरचे दोन पुरुषदेखील तिथे मोठी भर ठरतात. पासपोर्ट जवळ ठेवावा आणि आधी विचारून जावे. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सर्वच सिनेगॉगांत बंदोबस्त कडक झाला आहे.

पुढचे स्टेशन म्हणजे आपले बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी इथूनच ठाण्याची पहिली गाडी सुटली, आणि पुढे रेल्वेच्या नोकरीवर आपल्या कितीतरी कुटुंबांचे संसार चालले. स्टेशनाबाहेर वडापाव खाऊन पायी काळ्या घोड्याकडे निघावे. १८७० मध्ये पुरी झालेली डेव्हिड ससून लायब्ररी आणि १८८४ चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. सिनेगॉगची दुरुस्ती होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा खुले झाले.

तिथून गेटवे दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. १९२४ मध्ये पुरी झालेली ती कमान सर्वांना ठाऊक आहे. मुलांना त्यापलीकडचे पाणी दाखवावे. इथून मांडव्याला लाँच सुटतात. मांडव्यापुढे किहीम, नवगाव, आणि दक्षिणेला व पूर्वेला रोहे, पेण. किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर ही आपली आडनावे त्याच किनाऱ्याची. ‘शनिवार तेली’ म्हणून तिथे घाणा चालवणारे आपले पूर्वज अठराव्या शतकापासून याच खाडीपलीकडून मुंबईस येऊ लागले. मुलांना आपले आडनाव हिब्रूत लिहिता येते; त्या आडनावाचे गाव कोणत्या दिशेला आहे, ते इथे उभे राहून बोटाने दाखवता येते. त्याला पैसा लागत नाही. सांगणारे माणूस मात्र लागते, आणि अशी माणसे आपल्यात दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नये. शक्य असेल तर त्यांनाच पुढे घालून चालावे.