रेमंडसाहेबांची नोकरमाणसे

२३. रेमंडसाहेब म्हणजे अट्टल चोर अ‍ॅडम वर्थ. १८७६ मध्ये लंडनच्या अ‍ॅग्न्यू दालनातून गेन्सबरोचे चित्र पळवले ते यानेच. पिकॅडिलीत मात्र तो बड्या घरच्या गृहस्थाच्या थाटात राहत असे. अशा घरांना स्वयंपाकीण, मोलकरीण मिळे ती वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून, नाहीतर नोकर पुरवणाऱ्या कचेरीतून. येणारीला आधीच्या मालकिणीची चिठ्ठी दाखवावी लागे : प्रामाणिक आहे, पीत नाही, पहाटे उठते. चिठ्ठी खोटी निघाली तर १७९२ च्या कायद्याने २० पौंड दंड, म्हणजे साध्या मोलकरणीचा निदान वर्षाचा पगार. मालकाकडे चिठ्ठी कोण मागणार? पत्ता पिकॅडिलीचा आणि पगार वेळेवर, एवढ्यावर कचेरी खूश.