रिकाम्या पावसाळ्याचे पीक

शेतकरी बंधूंनो, सोयाबीन आपल्याकडे आता इतके रुजले आहे की, विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळकरी पोराला ते पणजोबांच्या वेळचे पीक वाटते. गुरुजी, वर्गात एकदा विचारून पाहा. पणजोबांच्या रानात ज्वारी होती, कापूस होता, मूग-उडीद होते. मग हे आले कोठून?

त्यासाठी जबलपूरला जायला हवे. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, तेव्हा गाव काही परके नव्हे. तिथल्या काळ्या जमिनीत एक जुनी रीत होती. तिला 'हवेली' म्हणत. शेताला उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी कोंडायचे, पाऊस सरला की ते सोडून द्यायचे आणि वाफसा आला की गहू-हरभरा पेरायचा. पलीकडे माळव्यात पाणी कोंडत नसत, पण तिथेही पुष्कळ रान खरिपात मोकळेच राही. भर पावसात काळ्या चिकणीत औत चालत नाही, हे तुम्हांला मी काय सांगावे! रीत अडाणीपणाची नव्हती. ओल मुरे, तण कुजे. पण वर्षाला पीक एकच.

१९६४ साली जबलपूरला कृषि विद्यापीठ निघाले. अमेरिकेतले इलिनॉय विद्यापीठ त्याच्या मदतीला होते, आणि इलिनॉय म्हणजे सोयाबीनचाच मुलूख. मोकळ्या खरिपात हे पीक बसते का, हे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पाहणे सुरू झाले. मध्य भारताला सोयाबीन अगदीच नवे नव्हते. काळ्या दाण्याचे 'कालीतूर' लोक थोडेफार लावीत. आता 'ब्रॅग'सारखे अमेरिकन वाण पेरून पाहिले.

पीक आले, पण सुखासुखी नाही. आपल्या मातीत त्याच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू पुरेसे नव्हते. ते बियाण्याला चोळावे लागले. दाण्याचे टरफलही नाजूक. मळणीत मार बसला की उन्हाळ्यातच बियाण्याची उगवण ढासळते. तो त्रास अजून संपलेला नाही.

आणि पिकले तरी घ्यायचे कुणी? दाण्यात चाळीस टक्के प्रथिने, म्हणून गरिबाच्या ताटात ते डाळीच्या जागी बसेल, असा हिशेब होता. तो घरच्या बायांनी मोडला! शिजायला वेळ, वर तो उग्र वास. तेल वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे घाण्याला परवडत नाही. १९७० नंतर द्रावकाने तेल काढणारे कारखाने उभे राहू लागले, पेंड परदेशी जाऊ लागली, तेव्हा कुठे पेरा झपाट्याने वाढला. प्रक्षेत्राने पीक दाखवले, हे खरे. पण गावात ते गिऱ्हाइकाच्या पाठोपाठ शिरले, असे माझे मत आहे.

जबलपूरचेच 'जेएस ३३५' हे वाण १९९४ साली प्रसारित झाले. शंभर दिवसांच्या आत-बाहेर निघणारे, मागे रब्बीला जागा ठेवणारे. आपल्याकडे तेच सर्वांत जास्त चालले. पुढे परभणीचे 'एमएयूएस ७१', सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचे 'फुले संगम' अशी आपली वाणेही आली.

पण एक फरक ध्यानात घ्या. माळव्यात सोयाबीन रिकाम्या रानात शिरले. आपल्याकडे भरल्या रानात. ज्वारी मागे हटली, तिच्याबरोबर कडबा गेला. मुगा-उडदाचे तास गेले. पर्याय म्हणून आलेले पीक कित्येक गावांत एकटेच उरले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात विदर्भात पिवळा मोझॅक पसरला तेव्हा बांधापासून बांधापर्यंत त्याला सगळीकडे एकच पीक सापडले.

आता परभणीचे कृषि विद्यापीठ सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्यायला सांगते. सोयाबीन निघते, तूर उभी राहते. यंदा एका पट्ट्यात पेरून पाहा, आणि गुरुजी, मुलांना तो पट्टा दाखवायला न्या.