हेल्मेट चेंगरतं, म्हणून डोकं वाचतं

१५ ऑगस्ट २०२१ ला नाशिक शहर पोलिसांनी मोहीम सुरू केली: हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही. पंपावरच्या हुज्जती नाशिककरांना आठवत असतील. पण हे हेल्मेट आलं कुठून?

मे १९३५. इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा सर्जन होता. केर्न्सने पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये निबंध छापला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वार निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं.

पुढची उडी १९५३ ची. अमेरिकेत चार्ल्स लोम्बार्ड आणि त्याच्या सहकाऱ्याला पेटंट मिळालं: बाहेर टणक कवच, आत चेंगरणारा थर. म्हणजे धक्का परतवायचा नाही, गिळायचा.

आता गंमत बघा. आज बऱ्याच हेल्मेटांचं कवच एबीएस प्लास्टिकचं असतं. दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. सीडीचं कव्हर कसं फटकन तडकतं? तसं इथे होत नाही, कारण एबीएसमध्ये रबराचे अतिसूक्ष्म कण असतात. मार बसला की त्यांच्याभोवती असंख्य बारीक चिरा पडतात. प्रत्येक चीर थोडी ऊर्जा खाते, आणि एकच मोठी भेग धावत सुटत नाही. प्लास्टिक वाकवल्यावर पांढरं पडतं ना? बऱ्याचदा ते याच चिरांमुळे.

कवच मार पसरवतं, आतलं थर्माकोल चेंगरतं आणि डोक्याला थांबायला काही मिलिमीटर जास्त मिळतात. तेवढ्यावर जीव तरतो. पण चेंगरलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजायचं. वर्षानुवर्षांचं ऊन आणि थिनर यांनीही कवच ठिसूळ होतं.

१ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्यासाठी हेल्मेट आपटून चाचणी होते. थर्माकोल नसलेली नुसती टोपी पंपावर दाखवायला चालेल, रस्त्यावर नाही. आज घरी गेल्यावर तुमच्या हेल्मेटचं अस्तर जरा बाजूला करून बघा. भेटू पुढच्या भागात!